गळ्यावरचा हात

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी एकदा कणीक मळता मळता म्हणाल्या, "रात्री यांनी गळा धरला हो ताई." आणि त्याच दमात, "पीठ संपत आलंय, दळण टाकून ठेवा." मी विचारलं, "लागलं का कुठे?" त्या म्हणाल्या, "नाही, लागलं-बिगलं काही नाही." मला हायसं वाटलं. मी दळणाचा डबा काढून ठेवला आणि माझ्या कामाला लागले.

गोष्ट पाच-सहा वर्षांपूर्वीची. मावशी आज सुखरूप आहेत, बहिणीकडे राहतात. त्यात माझं कर्तृत्व फार थोडं. पण त्या सकाळी मी साफ चुकीचा प्रश्न विचारला होता हे कळायला मला बरेच दिवस लागले.

'लागलं का?' हा आपल्या सगळ्यांचाच प्रश्न आहे. शेजारीण तोच विचारते, आई तोच विचारते, ठाण्यातला अंमलदारही तोच विचारतो. हाड मोडलंय का, टाके किती पडले, वळ दिसतायत का, यावरून प्रकरण किरकोळ की गंभीर ते ठरतं. पण आजवर किती लागलं आणि उद्या जीव जाईल का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात मोडलेली बाई पुढची तीस वर्षं जगते आणि अंगावर ओरखडाही नसलेली महिनाभरात जाते, असं घडतं. मग शेजारी वार्ताहराला सांगतात, "भांडणं व्हायची, पण इतकं होईल असं वाटलं नव्हतं." माझं म्हणणं असं की बऱ्याचदा वाटायला हवं होतं. खुणा होत्या. आपण जखम शोधत बसलो होतो.

गळ्यापासूनच सुरुवात करते. गळा दाबला की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपू शकते आणि काही मिनिटांत जीव जातो. वाचलेल्या बाईच्या गळ्यावर मात्र पुष्कळदा काहीच दिसत नाही. १९९०च्या दशकात सॅन दिएगो शहरात दोन तरुण मुलींचे खून झाले, तेव्हा तिथल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने गळा दाबल्याच्या ३०० जुन्या तक्रारी काढून तपासल्या. निम्म्या तक्रारींत पोलिसांना डोळ्यांना दिसेल अशी एकही खूण आढळली नव्हती. उरलेल्यांतही बहुतेक ठिकाणी फोटोत येणार नाही इतकी फिकट. खुणा असतात त्या वेगळ्याच. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके येतात, मधला काही वेळ आठवतच नाही, कपड्यांतच लघवी होते. गळ्यातल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली तर काही दिवसांनीही लकवा मारू शकतो. आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की जोडीदाराने आधी कधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त असते. थोबाडीत मारणारा राग काढत असतो म्हणा हवं तर. गळा धरणारा तिला सांगत असतो की तुझा श्वास माझ्या हातात आहे.

आपल्याकडे गळा दाबणं हा वेगळा गुन्हा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये जून २०२२ पासून आहे. इथे पोलिसांपुढे एका टोकाला खुनाचा प्रयत्न, म्हणजे जुनं ३०७ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतलं १०९. दुसऱ्या टोकाला साधी दुखापत, म्हणजे जुनं ३२३ आणि आताचं ११५. वळ नाही, टाका नाही, म्हणून साधी दुखापत, म्हणून अदखलपात्र, म्हणून एनसी, म्हणजे नुसती नोंद. नवऱ्याच्या क्रूरतेचं कलम, जुनं ४९८अ, लावता येतं, पण 'आधी समजावून बघू' या वाक्यापाशी ते पुष्कळदा अडतं. एनसीची नक्कल पर्समध्ये ठेवून बाई त्याच घरी झोपायला जाते.

उद्या जीव जाईल का, या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार पहिल्यांदा एका परिचारिकेने केला, याचं मला आश्चर्य वाटत नाही. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका. १९८०च्या दशकात त्यांनी मार खाल्लेल्या बायकांशीच बोलून एक प्रश्नावली बनवली. तिच्या आजच्या रूपात वीस प्रश्न आहेत, उत्तर हो किंवा नाही, आणि सोबत एक कॅलेंडर: गेल्या वर्षभरात कधी कधी मारलं त्या तारखांवर खूण करायची. मला वीस प्रश्नांपेक्षा हे कॅलेंडर जास्त आवडतं. आपल्या बायका तारखा सांगत नाहीत. गणपतीत, संक्रांतीला, पोराच्या बारशाच्या आदल्या रात्री, असं सांगतात. तशाच खुणा कालनिर्णयावर केल्या तरी बाईचं तिलाच दिसतं, की जे वर्षातून दोनदा व्हायचं ते आता पंधरवड्यावर आलंय.

२००३ साली कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अकरा शहरांतल्या खून झालेल्या बायकांची तुलना मारहाण सोसून जिवंत असलेल्या बायकांशी केली. त्यातून धोक्याच्या ज्या खुणा पुढे आल्या, त्यातली बंदूक आपल्याकडे फारशी लागू नाही. आपण विचारायचं ते कोयत्याबद्दल, माळ्यावर ठेवलेल्या कीटकनाशकाबद्दल, गॅसच्या नळीबद्दल. बाकीच्या खुणा थोड्या बोलीभाषेत आणल्या की ओळखीच्या वाटतात.

'मारून टाकीन' हे आपल्याकडे आई लेकरालाही म्हणते. म्हणून त्या शब्दांवर न थांबता तपशिलाकडे बघावं लागतं. "मारून टाकीन" वेगळं आणि "रात्री गॅस चालू ठेवीन, अपघात झाला म्हणून सांगीन" वेगळं. दुसऱ्या वाक्यामागे विचार करून झालेला आहे. तसाच संशय. फोन उघडून बघणं, दहा मिनिटं उशीर झाला की कंपनीच्या फाटकाशी येऊन उभं राहणं, पोरांना 'आई कोणाशी बोलत होती' म्हणून विचारणं. याला 'फार जीव आहे हो त्याचा तिच्यावर' असं म्हणणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. "तू गेलीस तर मी जीव देईन" ही धमकीसुद्धा प्रेमाच्या खात्यात जमा होते. जो स्वतःचं काही राहिलं नाही असं म्हणतोय, त्याला तुरुंगाची भीती कसली असणार? मुलांना आणि बायकोला संपवून स्वतः गळफास घेणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतोच. गरोदर असताना मारणं ही आणखी एक खूण. आणि जबरदस्ती, अंथरुणातली. ती बाई आपणहून सांगत नाही आणि विचारायला आपल्याला संकोच वाटतो, त्यामुळे ती खूण सगळ्यात जास्त वेळा हुकते.

मारहाण नसताना खून झालेल्या बायकाही त्या अभ्यासात होत्या. तेव्हा 'हात तर लावत नाही ना?' हासुद्धा निश्चिंत होण्याचा आधार नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. सोबत राहत असलेली बाई वेगळी झाली आणि तो सगळं आपल्या ताब्यात ठेवणारा असला, तर खुनाची शक्यता नऊपट वाढलेली त्या अभ्यासात दिसली. म्हणजे ज्या क्षणी आपण 'सुटली बिचारी' म्हणून सुस्कारा सोडतो, तो तिच्यासाठी सगळ्यात वाईट काळ असू शकतो. 'सोडून का देत नाहीस त्याला?' असं तावातावाने विचारणाऱ्यांत मीही होते. त्या बाईला मात्र आतून माहीत असतं की उंबरा ओलांडला की काय होईल. सोडू नये असं मी म्हणत नाही. सोडणं हे तयारीने करायचं काम आहे. आधार कार्ड, मुलांचे दाखले, औषधं, थोडे पैसे आधीच दुसरीकडे ठेवलेले हवेत. भांडणाच्या भरात 'मी चालले' असं सांगून निघायचं नाही. राहिलेले कपडे आणायला एकटीने परत जायचं नाही. 'शेवटचं एकदा भेट' या निरोपाला तर मुळीच जायचं नाही.

वसईकडच्या त्या मुलीचं पत्र आठवतं? २३ नोव्हेंबर २०२० रोजी तिने तुळींज पोलिसांना लिहून दिलं होतं की जोडीदाराने आज आपल्याला गुदमरवून मारण्याचा प्रयत्न केला, तुकडे करून फेकून देईन अशी धमकी तो देतो, सहा महिन्यांपासून मारतोय, आणि त्याच्या आईवडिलांना हे माहीत आहे. पुढे तिने आमच्यात आता वाद नाही असं लिहून दिलं आणि तक्रार मिटली. मे २०२२मध्ये दिल्लीत तिचा खून झाला असं पोलिसांनी नोव्हेंबरमध्ये सांगितलं. आरोपीचा निवाडा न्यायालय करील, तो माझा विषय नाही. माझा विषय ते पत्र. एका पानात गळा, तपशीलवार धमकी, वाढती मारहाण, तक्रार करायला वाटणारी भीती, सगळं होतं. ते पत्र वाचून वीस प्रश्नांचा कागद समोर ठेवला असता, तर तक्रार मागे घेणं हीच आणखी एक खूण म्हणून दिसली असती. आपल्याकडे तक्रार मागे घेतली की फाइल बंद होते.

तेव्हा चर्चा कशाची झाली, तर ती त्याच्याबरोबर राहायलाच का गेली याची. रीतसर लग्न करून, मानपान करून दिलेल्या मुलींचं काय होतं? मे २०२५मध्ये मुळशीकडच्या एका सुनेचा मृत्यू झाला, तेव्हा कळलं की त्याच घरातल्या थोरल्या सुनेच्या छळाची तक्रार आधीच राज्य महिला आयोगापर्यंत पोहोचलेली होती. एकीचा छळ ही त्याच घरातल्या दुसरीसाठी धोक्याची खूण असते, हे मला कुठल्याच अमेरिकी प्रश्नावलीत सापडत नाही, कारण त्या प्रश्नावलीला एक पुरुष आणि एक बाई एवढंच दिसतं. आपल्याकडे सासू, नणंद, दीर, कधी पूर्ण वाडा असतो. २०२२ साली देशात हुंडाबळीचे ६,४५० गुन्हे नोंदले गेले. तिथे विचारायचे प्रश्न आपल्याला आपले तयार करावे लागतील. माहेरचा फोन कधीपासून बंद आहे? दागिने कोणाच्या कपाटात आहेत? जेवायला देतात का? मागणी कधी वाढते, धोंड्याच्या महिन्यात, बारशाला, दिराच्या गाडीच्या वेळी? मुलगी झाल्यावर काय बदललं? टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ साली सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष किंवा वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेलं 'दिलासा' केंद्र, अशा ठिकाणच्या समुपदेशकांनी हे प्रश्न वर्षानुवर्षं विचारले आहेत. ते ज्ञान इथल्याच केसपेपरांत पडलेलं आहे. ते ठाण्यापर्यंत आणि ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचवणं बाकी आहे.

आणि यासाठी नवा कायदाही लागत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५चा. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्याच्या नियमांतला आठवा नियम संरक्षण अधिकाऱ्याची, म्हणजे या कायद्याखाली बाईच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची, कामं सांगतो. बाईने न्यायालयात अर्ज केला की परिस्थिती किती धोकादायक आहे याचं मूल्यमापन करायचं आणि मग तिच्याशी बोलून सुरक्षेची योजना बनवायची, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. त्यासाठी पाच क्रमांकाचा नमुना आहे. त्यात हिंसेच्या प्रत्येक प्रकारासमोर एक रकाना आहे तो तिला वाटणाऱ्या भीतीचा: पुन्हा होईल का, वाढेल का. म्हणजे जो प्रश्न मी मावशींना विचारायला हवा होता, तो सरकारी कागदावर छापून ठेवलेला आहे. मात्र मूल्यमापन कसं करायचं, कोणते प्रश्न, किती उत्तरं 'हो' आली तर काय करायचं, हे त्या कागदावर नाही. मग प्रत्येक अधिकारी आपल्या स्वभावाप्रमाणे करतो. कोणी जीव ओतून, कोणी रकान्यात 'होय' लिहून.

उलट समेटासाठी आपली यंत्रणा अगदी सज्ज असते. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत गाव तंटामुक्त ठरलं की बक्षीस मिळतं. शेताच्या बांधाच्या भांडणांसाठी योजना चांगलीच आहे. पण त्याच पारावर नवरा-बायकोचं भांडणही मिटवलं जातं, 'एकदा नांदून बघ' म्हणून बाईला परत धाडलं जातं, आणि ते आकड्यात यश म्हणून मोजलं जातं. समेटाला माझा विरोध नाही. ज्या घरात गळा धरला गेलाय, तिथे समेटाचा चहा मागवण्याआधी कोणीतरी वीस प्रश्न विचारावेत, एवढीच मागणी आहे. ठाण्यात एनसी लिहिण्याआधी, रुग्णालयात 'जिन्यावरून पडले' असं केसपेपरवर लिहिण्याआधी, संरक्षण अधिकाऱ्याने पाचवा नमुना भरण्याआधी, ठरावीक प्रश्न, सक्तीने, एकांतात, सासूला बाहेर बसवून. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात २००५ पासून घरी पोहोचलेला पोलीस अकरा प्रश्न विचारतो आणि धोका दिसला तर तिथूनच मदतकेंद्राला फोन लावून बाईच्या हातात देतो. आपल्याकडे मदतीसाठी १८१ आणि ११२ हे फोन आहेत, सखी केंद्रं आहेत, पोलिसांचे भरोसा सेल आहेत. जोडणी राहिली आहे.

यावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे: ४९८अचा गैरवापर होतो. काही वेळा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात सरसकट अटकेला चाप लावला, तो योग्यच होता. पण त्याचा परिणाम प्रत्यक्षात काय होतो ते बघा. बाई तक्रार करते, नवऱ्याला नोटीस जाते, तो ठाण्यात हजेरी लावून संध्याकाळी घरी येतो, आणि घरी तीच असते. तक्रार झाल्यामुळे खवळलेला माणूस आणि ती, एका खोलीत. ज्या निवाड्याचा दाखला देऊन हे चालतं, त्याच निवाड्याने सांगितलंय की पुढचा गुन्हा रोखण्यासाठी गरज असेल तर अटक करता येते, फक्त कारणं लिहा. कारणं कुठून लिहायची? या प्रश्नांच्या उत्तरांतून. म्हणजे खोट्या तक्रारीत नाहक अडकणाऱ्याची भीती ज्यांना वाटते, त्यांनी तर धोक्याच्या मूल्यमापनाची मागणी आधी करायला हवी. सगळ्यांना एकाच काठीने हाकणं त्यानेच थांबेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रश्नावली म्हणजे भविष्य नव्हे. वीसपैकी पंधरा 'हो' असूनही काही होत नाही आणि दोनच 'हो' असून खून होतो. शिवाय गुण कमी आले म्हणून 'तुम्हाला धोका नाही' असा शिक्का मारून बाईला परत पाठवलं, तर ते न विचारण्यापेक्षा वाईट. हे मला मान्य आहे, आणि म्हणून एक गोष्ट ठरवून घ्यावी लागेल: उत्तरांवरून काळजी वाढवायची, कमी कधीच करायची नाही. बाई म्हणाली 'हा मला मारून टाकील' तर गुण कितीही येवोत, तिचं ऐकायचं. मात्र ती 'नाही हो, तो असं नाही करणार' म्हणाली तर तेवढ्यावर सोडायचं नाही. खून झालेल्या बायकांपैकी सुमारे निम्म्यांनाच आपल्या जिवाला धोका आहे याची नीट कल्पना होती, असंही कॅम्पबेल यांच्या कामातून दिसलं. रोजच्या भीतीचीही सवय होते. भाजून भाजून बोटांना चटका लागेनासा होतो, तसं.

आणि ठाण्यापर्यंत पोहोचतंच कोण? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या शंभरातल्या चौदा जणींनीच कोणाकडे मदत मागितली होती. सत्त्याहत्तर जणींनी तर कधी कोणाला सांगितलंही नव्हतं. ज्या सांगतात त्या बहुतेक आपल्या घरच्यांना सांगतात, नंतर मैत्रिणीला, शेजारणीला, कणीक मळता मळता कामाच्या घरी. म्हणजे पहिलं ठाणं आपणच. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार असं घडतंय किंवा घडेल असं वाटलं तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. फक्त तिला विचारल्याशिवाय, तिच्या मागे, दांडगाई करून काही करू नये. नवरा घरात असताना 'तुला मारतो का गं?' असा मेसेज तर कधीच पाठवू नये. तिचा फोन तोच बघतो, हे आधी धरून चालायचं.

मावशींना मी पुन्हा विचारलं ते वर्षभराने. नवऱ्याचा हात पुन्हा गळ्याकडे गेल्याचं त्या बोलता बोलता सांगून गेल्या होत्या. या वेळी 'लागलं का' विचारलं नाही. म्हटलं, "मावशी, गळा धरला तेव्हा श्वास बंद झाला होता? डोळ्यांपुढे अंधारी आली?"

लाटणं थांबलं. बराच वेळ त्या पोळपाटाकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, "लुगडं भिजलं होतं, ताई. दोन्ही वेळेला. तेवढं नव्हतं सांगितलं मी."